पावडर, प्रायमर आणि हयातीचा दाखला

त्या मंगळवारी दुपारी अडीचच्या सुमारास आर्डिस म्हणाली, "व्हर्लिन, आपली पुस्तकं गेली वाटतं," तेव्हा व्हर्लिन हाउगस्टाडने आधी चष्मा काढून पुसला. पुस्तकं तिच्या हातातल्या टॅबलेटवर, वाचायची तिने, यात त्याच्या चष्म्याचा काडीचा संबंध नव्हता. पण हाउगस्टाड घराण्यात संकट आलं की पुरुषमाणसं आधी चष्मा पुसतात आणि मग विचारतात, "गेली म्हणजे काय?"

"नेहमीचा पिवळा रंग नाहीये. सगळं पांढरंच दिसतंय. तूच बघ."

व्हर्लिनने बघितलं. पांढऱ्या पडद्यावर मधोमध एक ओळ होती: 'आपल्या ग्रंथालयात एकही पुस्तक नाही. चला, वाचनाचा छंद लावून घेऊ या!' खाली एक कार्टूनचं घुबड हसत होतं.

इथे जरा समजावून सांगायला हवं. टॅमरॅक लेक हे उत्तर विस्कॉन्सिनमधलं साडेसहाशे वस्तीचं गाव. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी, हरणांचा मोसम उघडतो आणि त्या दिवशी गावात लग्नही लावत नाहीत, कारण नवरदेव सापडत नाही. काडतुसं दुकानात मिळतात, पण दुकानात लोणचं मिळतं म्हणून घरी घालायचं कुणी थांबतं का? व्हर्लिन आपली काडतुसं तळघरात स्वतः भरायचा, तिकडे याला 'रीलोड करणं' म्हणतात. झाडलेल्या काडतुसांची पितळी टरफलं जपून ठेवायची, बुडाला नवी प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी टिकली, बसवायची, आत तोलून दारू घालायची आणि वर यंत्राचा दांडा दाबून गोळी बसवायची. दारू म्हटलं की आपल्याकडे लोकांचे डोळे चमकतात. पण व्हर्लिन लुथरन चर्चचा माणूस, त्याची मजल कॉफीच्या तिसऱ्या कपापर्यंत. तेव्हा गैरसमज नको, इथून पुढे आपण तिकडच्यासारखं पावडरच म्हणू.

तर पावडर किती, हा सगळा खेळ. कमी पडली तर गोळी नळीतच अडकते. जास्त पडली तर बंदूक, हात आणि शनिवार, तिन्ही जातात. म्हणून आकडा पुस्तकात बघायचा. शंभरदा भरलेलं असलं तरी एकशेएकाव्या वेळी पुस्तक उघडायचं. डोक्यातून आकडा काढायचा नाही, हा व्हर्लिनचा दंडक होता आणि तो त्याने गावातल्या निम्म्या शिकाऱ्यांना कान धरून शिकवला होता. तो आकडा मीही इथे सांगणार नाही. ज्याने त्याने आपल्या पुस्तकात बघावा.

हाउगस्टाडांच्या घरी मात्र तो आकडा आर्डिस वाचायची. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात व्हर्लिनचं बोट पुस्तकात एक ओळ खाली घसरलं, ते शेजारी विणत बसलेल्या आर्डिसने पाहिलं आणि "आण ते इकडे" म्हणून पुस्तक काढून घेतलं. ते एक्केचाळीस वर्षं तिच्याकडेच राहिलं. ती उंच स्टुलावर बसायची. तो विचारायचा, "आकडा?" ती वाचायची. तो तोच आकडा मोठ्याने परत म्हणायचा. ती म्हणायची, "बरोबर." मग तराजू. दोघांची भांडणं झाली, मुलगी झाली, मुलगी मोठी होऊन मिनिआपोलिसला गेली, पण या चार वाक्यांत कधी पाचवं आलं नाही.

चार वर्षांपूर्वी, अडुसष्टाव्या वर्षी, आर्डिसच्या डोळ्यांना विकार जडला. कडेचं दिसायचं, मधलं पुसट व्हायचं. डॉक्टर म्हणाले, हळूहळू वाढेल. आधी गाडी चालवणं सुटलं, मग रजयांचं शिवण, मग शब्दकोडं. चर्चमध्ये ती भजनाचं पुस्तक उघडून धरायची आणि पाठ म्हणायची. तेव्हा मुलीने, मारितने, टॅबलेट आणला, काडतुसं भरण्याची दोन जाडजूड पुस्तकं त्यावर विकत घेऊन दिली आणि म्हणाली, "आई, यात पिवळ्या पानावर आकडा अंगठ्याएवढा करता येतो." त्यामुळे स्टूल वाचलं. कागदी पुस्तकं व्हर्लिनने मोठ्या मनाने चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीला देऊन टाकली, आणि त्या मोठेपणाची शिक्षा त्याला आता भोगायची होती.

"जाऊ दे ना," आर्डिस म्हणाली. "आकडा मला पाठ आहे."

"पाठ मलाही आहे! पाठ आहे म्हणूनच धोका आहे!"

स्टुलावरून उतरून, कठड्याला धरून ती हळूहळू वर गेली. व्हर्लिन खाली एकटा उभा राहिला. हे स्टूलही गेलं तर या घरात तिच्याशिवाय अडेल असं एकही काम उरत नाही, हे त्याला लख्ख कळत होतं. पण असलं काही तोंडाने बोलायची सोय त्याच्या घराण्यात नव्हती. त्याच्या वडिलांनी आईवरचं प्रेम एकदाच व्यक्त केलं होतं, तेही नवी विहीर खणून. म्हणून त्याने कंपनीला फोन लावला.

अठ्ठेचाळीस मिनिटं बासरी वाजली. मग ब्रिएल नावाची एक गोड आवाजाची मुलगी आली.

"सर, तुम्ही रीलोड करून पाहिलंत का?"

"बाई, रीलोड करता येत नाही म्हणून तर फोन केलाय!"

"असं का? बटण दाबल्यावर काय होतं?"

"बटण कुठलं? दांडा आहे. दांडा खाली दाबला की गोळी बसते."

ब्रिएलने आवाज हळू केला. "सर, तुम्ही... बरे आहात ना? घरात आणखी कुणी आहे का?"

हा गुंता सुटायला दहा मिनिटं गेली. दुसरा त्याहून वाईट निघाला. जुनी कंपनी दुसऱ्या कुणी विकत घेतली होती आणि सगळ्या खातेदारांची नव्याने छाननी चालू होती. नोंदीप्रमाणे व्हर्लिनचा जन्म एक जानेवारी एकोणीसशे साली झाला होता.

"म्हणजे तुम्ही एकशे पंचवीस वर्षांचे आहात, सर," ब्रिएल आदराने म्हणाली. "त्यामुळे यंत्राने तुमचं खातं दिवंगत विभागात टाकलंय."

"पण मी बोलतोय ना तुझ्याशी!"

"हो सर, माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण यंत्राला कागद लागतो. सरकारी कचेरीचा, शिक्क्याचा. तुम्ही हयात असल्याचा."

व्हर्लिनने मारितला फोन करून तिच्या आयुष्यातल्या सगळ्या चुकांचा आढावा घेतला. ती म्हणाली, "बाबा, तारखेचं ते चाक बोटाने फिरवायचं असतं. मी जरा जोरात फिरवलं, ते एकोणीसशेवर जाऊन थांबलं. म्हटलं, कोण बघतंय!"

शुक्रवारी संध्याकाळी सगळं गाव तळलेली मासळी खायला एका छपराखाली जमतं, तेव्हा व्हर्लिन मेल्याची बातमी टेबलाटेबलावर पोचली होती. एकाने त्याची बर्फावर मासे धरायची झोपडी मागून ठेवली. दुसऱ्याने सुचवलं की मेलाच आहेस तर यंदा हरणाचा परवाना काढू नकोस, कोण विचारणार! सगळ्यांत जोर होता तो शेजारच्या ऑरव्हिल कुबियाकचा. हा जातीचा पोलिश, धंद्याने निवृत्त बॉयलरवाला आणि स्वभावाने सल्लागार.

"अरे म्हाताऱ्या, एवढा आटापिटा कशाला? माझ्याकडे आहे की पुस्तक. चर्चच्या विक्रीत घेतलं. बत्तिसाव्या पानावर कॉफीचा डाग आहे."

"तो माझा डाग आहे!"

"हो ना. डागासकट परत देतो, घेऊन जा."

"त्यातली अक्षरं मुंगीएवढी आहेत."

"मग तुला काय झालं? तुला दिसतं की चांगलं. मघाशी माझ्या ताटातला मोठा मासा तुला त्या दारातून दिसला!"

यावर व्हर्लिनकडे उत्तर होतं, पण ते शेजारी बसून कोबीची कोशिंबीर चिवडणाऱ्या आर्डिससमोर देता येण्यासारखं नव्हतं. तो म्हणाला, "मी पुस्तकं विकत घेतलीत. मला माझी पुस्तकं पाहिजेत. हा तत्त्वाचा प्रश्न आहे." नवरा तत्त्वाचं बोलायला लागला की बायका पदार्थात मीठ आहे का ते बघतात. आर्डिसने मीठ घेतलं.

सोमवारी सकाळी तो कौंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, कचेरीत खिडकीसमोर उभा राहिला. आत नोरीन होती. तिची आई आणि आर्डिस रजया शिवणाऱ्या एकाच मंडळातल्या.

"हयातीचा दाखला?" नोरीनने खालचा खण उघडला, वरचा उघडला, मधला उघडला. "व्हर्लिन, जन्माचा देते, लग्नाचा देते, मेल्याचा देते. कुत्र्याचा परवानासुद्धा देते. पण मधल्या काळाचा आमच्याकडे फॉर्म नाही."

"मी अडतीस वर्षं याच कौंटीच्या रस्त्यांच्या पाट्या रंगवल्या. तू रोज कामावर येताना माझ्याच पाटीला थांबतेस. आणि मी जिवंत आहे एवढं लिहून द्यायला तुमच्याकडे कागद नाही?"

"पाटी मेलेल्या माणसानेही रंगवलेली असू शकते," नोरीन म्हणाली. ते कायद्याने खरं होतं.

"हे बघ, मी श्वास घेतोय."

"ते मला दिसतंय. पण त्याचा फॉर्म नाही ना!"

मागे कुत्र्याच्या परवान्यासाठी रांग लागली. रांगेतल्या एका बाईने सुचवलं की पोलिसांकडून अटक करून घ्या, मेलेल्याला अटक करत नाहीत, त्याचा कागद मिळेल. व्हर्लिन क्षणभर विचारात पडला, हे त्याच्या मनःस्थितीचं द्योतक आहे. शेवटी नोरीनला दया आली. तिने कचेरीचा कोरा कागद यंत्रात घातला आणि टंकलं: 'आज रोजी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी व्हर्लिन हाउगस्टाड हे माझ्या खिडकीसमोर उभे होते व वाद घालत होते. सबब ते हयात आहेत.' खाली सही आणि नक्षीदार शिक्का. व्हर्लिनने तो कागद घडी न घालता, दोन हातांत धरून गाडीपर्यंत नेला. चौऱ्याहत्तर वर्षांत त्याच्या जिवंतपणाची अशी दखल कुणी घेतली नव्हती.

अकराव्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं. व्हर्लिनने ते स्वयंपाकघरात आर्डिसला वाचून दाखवलं. आपण हयात आहात हे वाचून आम्हाला अतिशय आनंद झाला. मात्र आपण पुस्तकं विकत घेतली नव्हती, ती वाचण्याची मुभा विकत घेतली होती. नवी कंपनी शस्त्रांविषयीची पुस्तकं ठेवत नसल्याने ती मुभा संपली आहे. तरी आपली गैरसोय होऊ नये म्हणून आमच्या यंत्राने आपल्या जुन्या पुस्तकांतले शब्द बारकाईने तपासले आहेत, आणि त्याच विषयावरची दोन पुस्तकं आपल्याला भेट देण्यात येत आहेत.

"त्याच विषयावरची? मग झालं की!" आर्डिस म्हणाली. "नावं काय?"

व्हर्लिनने चष्मा काढून पुसला.

"वाच ना रे."

"'पावडर आणि प्रायमर,'" व्हर्लिनने वाचलं. "'नववधूच्या चेहऱ्यासाठी संपूर्ण मार्गदर्शन.'"

आर्डिसने कप खाली ठेवला. "आणि दुसरं?"

"'घरातलं पितळ चकचकीत कसं ठेवावं.'"

आर्डिस हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग टेबल हललं, मग ती डोळ्यांना ॲप्रन लावून इतकी हसली की व्हर्लिनच्या रागाला घरात उभं राहायला जागा उरली नाही. तिच्या आग्रहावरून त्याने पहिल्या पुस्तकातलं एक पान वाचलंसुद्धा. 'प्रथम प्रायमर हलक्या हाताने बसवावा. पावडर एकदम न टाकता थोडीथोडी वाढवत न्यावी. घाई केल्यास चेहऱ्याची हानी होऊ शकते.'

"चूक काय आहे यात?" आर्डिस म्हणाली. "सगळं तुझंच शिकवलेलं!"

खूप दिवसांनी घरात असं हसणं झालं. मग ते ओसरलं आणि डोळे पुसता पुसता ती सहज म्हणाली, "तू ऑरव्हिलचं पुस्तक घे आणि भर रे एकटा. तुझे डोळे चांगले आहेत. मी वर बसून ऐकत जाईन."

व्हर्लिन उठला आणि थेट गॅरेजमध्ये गेला.

गॅरेजमध्ये, मागच्या फळीवर, त्याचे पाट्या रंगवायचे पत्र्याचे साचे होते. निवृत्त होताना कौंटीने घड्याळ देऊ केलं होतं, त्याने साचे मागून घेतले. शून्यापासून आठापर्यंतचे आकडे, पंजाएवढे. नवाचा साचा फार वर्षांपूर्वी ट्रकच्या चाकाखाली गेला होता. तेव्हापासून कौंटीतला प्रत्येक नऊ हा मुळात व्हर्लिनने उलटा धरलेला सहा आहे, आणि एकाही गाडीचा रस्ता त्यामुळे चुकला नाही याचा त्याला अभिमान होता. टॅबलेटवर आकडा अंगठ्याएवढा होत असेल तर व्हर्लिन हाउगस्टाड तो पंजाएवढा करू शकत होता, आणि त्याला कुणाच्या मुभेची गरज नव्हती.

ऑरव्हिल पुस्तक घेऊन आला. प्लायवुडचा अख्खा तक्ता, त्यावर रस्त्याच्या पाटीचा पिवळा रंग आणि शेजारी व्हर्लिन गुडघ्यावर, हे दृश्य त्याने डोळे भरून पाहिलं.

"पुस्तकाचं पान भिंतीवर टांगणार तू?"

"एकच पान. आमच्या बंदुकीचं. तू वाच, मी रंगवतो."

"चष्म्याच्या दुकानाची जाहिरात वाटेल."

"वाच म्हणतो ना!"

"वाचतो. पण लेका, एका पुस्तकावर भरायचं नाही, दुसऱ्या पुस्तकाशी जुळवून बघायचं, हे सांगून तू मला बारा वर्षं छळलंस. तुझं दुसरं कुठाय?"

"दुसरं बघू," व्हर्लिन म्हणाला, आणि पहिला आकडा रंगवला.

बारा आकडे रंगवायला दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी तक्ता गॅरेजबाहेर वाळत ठेवला, तर तळ्यावर सुट्टीला आलेलं एक जोडपं गाडी थांबवून विचारायला लागलं की यातला कुठला रस्ता गावाबाहेर जातो. दुसऱ्या दिवशी तक्ता तळघराच्या जिन्यात वळणावर अडकला. ऑरव्हिल वरच्या बाजूला, व्हर्लिन खालच्या बाजूला, आणि मध्ये आठ फूट प्लायवुड. ऑरव्हिलने वरून जे सल्ले दिले ते सगळे पाळले असते तर घर पाडावं लागलं असतं. शेवटी तिथेच जिन्यात करवतीने तक्त्याचे दोन तुकडे केले. व्हर्लिनच्या कोपरापर्यंत पिवळा रंग लागला, तो पुढे आठवडाभर गेला नाही आणि चर्चमध्ये पाद्र्याने त्याच्या यकृताची चौकशी केली.

रविवारी प्रार्थना आटपून तिघं तळघरात जमली. नियमाप्रमाणे रंगवलेलं पान तपासायला हवं होतं. ऑरव्हिल उलट्या बादलीवर पुस्तक उघडून बसला. आर्डिस स्टुलावर. तिने चर्चचा निळा स्वेटर बदलला नव्हता. व्हर्लिन बाकाला टेकून तिच्याकडे बघत होता. तिच्या समोर ती पिवळीधमक पाटी होती आणि तिचा चेहरा पाटीकडे होता, पाठ ताठ होती.

"दीडशे ग्रेन वजनाची गोळी," ऑरव्हिलने पुकारा केला. "सुरुवातीचा आकडा?"

आर्डिसने सांगितला.

"बरोबर! त्यापुढचा?"

तिने तोही सांगितला, न अडखळता.

"बरोबर! आर्डिसबाई, तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले निघाले!"

व्हर्लिनला इतकं बरं वाटत होतं की त्याला कुठे बघावं ते कळेना. एकेक आकडा ती म्हणत गेली, एकेक 'बरोबर' पडत गेलं. अकरा झाले.

"एकशे पासष्टची गोळी. सगळ्यांत वरचा, ज्याच्या पुढे जायचं नाही तो?"

आर्डिसने तो आकडा सांगितला. त्याच्या शेपटीला, दशांशचिन्हानंतर, सहा होता.

"बरोबर! बारापैकी बारा!" ऑरव्हिलने पुस्तक फटकन मिटलं. "एक चूक नाही!"

तेव्हा व्हर्लिनने पहिल्यांदा पाटीकडे पाहिलं. शेवटच्या आकड्याच्या शेपटीला नऊ होता. चांगला ठसठशीत, काळाभोर, त्याने स्वतः साचा उलटा धरून रंगवलेला नऊ.

ऑरव्हिल वर जाऊन ॲपल पाय खाऊन, उरलेला रुमालात बांधून घेऊन घरी जाईपर्यंत व्हर्लिन वर त्याच्याजवळ बसून राहिला. मग तो परत खाली आला. आर्डिस अजून स्टुलावरच होती.

"आर्डिस, तो शेवटचा आकडा पुन्हा वाच बरं."

तिने सांगितला. सहा.

"पाटीवर नऊ आहे," व्हर्लिन म्हणाला. "मी चुकलो. पाटीवर नऊ आहे."

घर गरम ठेवणारी भट्टी सुरू झाल्याचा आवाज आला. आर्डिसने हात मांडीवर ठेवले.

"पिवळं दिसतं," ती म्हणाली. "त्यावर काहीतरी काळं आहे एवढं दिसतं."

"कधीपासून?"

"ईस्टरपासून."

"म्हणजे ईस्टरपासून आपण डोक्यातून भरतोय?"

"माझ्या डोक्यातून. तुझ्या डोक्यावर मीसुद्धा भरवसा ठेवला नसता."

व्हर्लिनला राग आला. खरंच आला. ज्या नियमासाठी त्याने गावातल्या माणसांची तोंडं बंद केली तो नियम त्याच्याच तळघरात सात महिने मोडत होता. बंदूक फुटली असती तर? तो तिच्यावर ओरडायला वळला आणि त्याला तिचा चेहरा दिसला. ती रडत नव्हती. नववीतल्या मुलीला वर्गाबाहेर काढावं तशी ती स्टुलावरून उतरायच्या तयारीत, एक पाय खाली सोडून बसली होती.

"तुला सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "दर वेळी म्हणायचे, आज सांगू. पण व्हर्लिन, दिवसभर सगळे मला सांगत असतात. पायरी आहे, जप. कप इकडे आहे. लाल नाही, निळा घातलायस. तूही सांगतोस. इथे, फक्त या खोलीत, तू मला विचारतोस."

व्हर्लिनला बोलायचं होतं ते खूप होतं. विहीर खणायची तर नोव्हेंबरात जमीन गोठलेली. त्याने तिचा तो खाली सोडलेला पाय हलकेच उचलून परत स्टुलाच्या आडव्या दांडीवर ठेवला.

"ईस्टरपासूनची ऐंशी काडतुसं आहेत," तो म्हणाला. "ती सगळी फोडायची."

"फोड."

"फोडून पावडर तोलायची. मी ऑरव्हिलच्या पुस्तकात बघणार. तू आकडा सांगायचास. आधी तू, मग मी बघणार."

सोमवार आणि मंगळवार त्यांनी ऐंशी काडतुसं फोडली. त्यासाठी एक पोकळ हातोडा असतो, काडतूस त्यात अडकवून आपटलं की गोळी आणि पावडर निसटून हातोड्यात पडते. व्हर्लिन आपटत होता, तोलत होता, चष्म्यावर भिंग धरून मुंगीएवढ्या ओळीवर बोट टेकवत होता. पन्नासाव्यानंतर त्याचं मन म्हणालं, पुरे आता, सगळी सारखीच आहेत. पण नियम म्हणजे नियम, तो ऐंशीपर्यंत गेला. ऐंशीच्या ऐंशी पुस्तकाप्रमाणे होती. ते आर्डिसला वेगळं सांगायची गरज नव्हती. दोन दिवस ती तराजूचा एकसारखा आवाज ऐकत होती.

बुधवारी दुपारी मोसमाची काडतुसं भरायला बसले. आधी व्हर्लिनने पुस्तक उघडून ओळीवर बोट ठेवलं. मग विचारलं, "आकडा?"

आर्डिसने सांगितला.

त्याने बोटाखाली पाहिलं आणि तोच आकडा मोठ्याने परत म्हटला.

"बरोबर," आर्डिस म्हणाली.

"बरोबर," व्हर्लिन म्हणाला. एक्केचाळीस वर्षांत हे पाचवं वाक्य नवीन होतं. "आणि ऐक, दोघांचं जुळलं तरच भरायचं. नाही जुळलं तर दिवा बंद करून वर जाऊन कॉफी."

"आणि माझं चुकलं तर?"

"तर पुस्तक पुन्हा बघायचं. छापणाऱ्यांचा काय भरवसा! बायकांच्या तोंडाला लावायची पावडर आणि ही पावडर ज्यांना कळत नाही..."

वीस काडतुसं झाली की डबा भरतो आणि डब्यावर चिठ्ठी चिकटवायची असते. तारीख, गोळी, पावडर, आणि आकडा कुठल्या पुस्तकांतून घेतला त्यांची नावं. व्हर्लिन चिठ्ठी लिहायला लागला आणि लिहीतच राहिला. पेन थांबायचं, पुन्हा चालायचं.

"काय लिहितोयस एवढं?" आर्डिसने विचारलं.

"पुस्तकांची नावं."

"दुसरं मिळालं?"

व्हर्लिनने घसा साफ केला आणि चिठ्ठी वाचून दाखवली. तारीख वाचली, गोळी वाचली, पावडर वाचली. "पुस्तक पहिलं, ऑरव्हिलचं, आवृत्ती सातवी. पुस्तक दुसरं, आर्डिस हाउगस्टाड."

स्वेटरच्या बाहीने तिने नाक पुसलं, आणि मग एक्केचाळीस वर्षं त्याच्या चुका काढणाऱ्या आवाजात म्हणाली, "आवृत्ती नाही लिहिलीस. दुसऱ्याचीही लिहायची असते."

"कितवी लिहू?"

"एकोणीसशे त्रेपन्नची," आर्डिस म्हणाली. "एकच निघाली."

व्हर्लिनने तसं लिहिलं आणि पुढचं टरफल हातात घेऊन विचारलं, "आकडा?"